एक बाप्तिस्मा, दोन पंगती

द्वितीय वर्ष, कला

आपल्या मुलखात दोन समाज एक आहेत की वेगळे, हे ओळखण्याची एक जुनी खूण आहे. त्यांचे ग्रंथ काय सांगतात किंवा त्यांचे पुढारी सभेत काय बोलतात, हे कोणी विचारीत नाही. त्यांच्यात रोटीव्यवहार होतो का आणि बेटीव्यवहार होतो का, एवढेच पाहिले जाते. जातिभेदावर लिहिणाऱ्या सुधारकांनी हाच गज लावून हिंदू समाज मोजला. तोच गज एकदा ख्रिस्ती समाजालाही लावून पाहावा असे मला गेले वर्षभर वाटत आले आहे. कारण रोमन कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचा देव एक, तारणारा एक, चार शुभवर्तमाने तीच, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना तीच. मात्र रोटी एक नाही. आणि बेटी द्यायची वेळ आली म्हणजे घरात आठ दिवस कोणी नीट जेवत नाही.

भीमेच्या काठाने, उजनीच्या फुगवट्याला लागून, करमाळा, माढा, इंदापूर या तालुक्यांत जी गावे वसली आहेत, त्यांतल्या काहींत आमची ख्रिस्ती घरे आहेत. पण ती किती? हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. गावाला आमच्यातला भेद ठाऊक नाही. गाव सरसकट ‘ख्रिश्चन’ म्हणते आणि नाताळात केक मागते. पहिल्या वर्षाला असताना वर्गातल्या एका मित्राने मला विचारले, “तुमच्यात पण जाती असतात का रे?” मी म्हटले, “जाती नाहीत, पंथ आहेत.” तो म्हणाला, “मग पंथात सोयरीक होते का?” या प्रश्नावर मी जे उत्तर दिले ते इतके लांब झाले की तो मध्येच उठून चहाला गेला. प्रस्तुत लेख म्हणजे तेच उत्तर नीट मांडण्याचा प्रयत्न होय.

आधी हे सांगितले पाहिजे, की आमच्याकडे कोण कॅथलिक झाला आणि कोण प्रोटेस्टंट, हे कोणी तत्त्वज्ञानाचा अभ्यास करून ठरविलेले नाही. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आले, १८३१ साली अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) गेले आणि पुढे सोलापूरपर्यंत पोचले. त्याच शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या चर्चचे मिशनरी नगर भागात आले, आणि त्यांच्या पाठोपाठ जर्मन जेझुइट फादर राहुरी-नेवाशाच्या बाजूला उतरले. कोणाच्या वस्तीवर आधी कोणाची बैलगाडी आली, कोणी शाळा काढली, दुष्काळात कोणी धान्य दिले, यावर आमच्या पणजोबांचा पंथ ठरला. माझे पणजोबा गावकुसाबाहेरचे. त्यांना लिहायला येत नव्हते. पोप श्रेष्ठ की पवित्र शास्त्र श्रेष्ठ, हा युरोपातला वाद त्यांच्या कानांवरून कधी गेला असेल असे मला वाटत नाही. त्यांना एवढेच कळले होते, की इथे आपल्याला पंगतीत बसवून घेतात. पिढ्यान्‌पिढ्या दुरून भाकरी झेलणाऱ्या माणसाला एका ताटातली भाकर मोडून देणारा धर्म मिळाला, ही गोष्ट लहान नव्हे! म्हणूनच त्या भाकरीवरून पुढे दोन पंगती पडाव्यात, हे मला इतरांपेक्षा जास्त लागते.

आता हा भेद नेमका कशात आहे? आमच्यातले पुष्कळ लोक ‘भेद काही नाही हो, सगळे सारखेच’ असे म्हणून वेळ मारून नेतात. हे बोलणे चांगुलपणाचे असले तरी खरे नाही. भेद आहे. प्रोटेस्टंट म्हणतो, धर्माच्या बाबतीत अखेरचा शब्द पवित्र शास्त्राचा. कॅथलिक म्हणतो, शास्त्र खरेच, पण प्रेषितांपासून चालत आलेली परंपराही तितकीच आदरणीय, आणि दोहोंचा अर्थ लावण्याचा अधिकार चर्चचा. शास्त्रातील पुस्तकांची संख्याही एक नाही. आमच्या घरच्या बायबलात ६६ पुस्तके आहेत, कॅथलिकांच्या बायबलात ७३. पोपचा अधिकार, मरण पावलेल्यांसाठी प्रार्थना, धर्मगुरूचे ब्रह्मचर्य, अशी आणखीही यादी देता येईल. ती मी देत नाही, कारण गावातल्या माणसाचे त्यावाचून अडत नाही. त्याचे अडते ते मरियेपाशी आणि भाकरीपाशी.

मरियेविषयी थोडे लिहितो. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावला सप्टेंबरमध्ये मतमाउलीची यात्रा भरते. दूरदूरच्या जिल्ह्यांतून माणसे येतात, त्यांत ख्रिस्ती नसलेलेही खूप असतात. आमच्या प्रोटेस्टंट घरांत या यात्रेचे नाव निघाले की कोणीतरी ‘मूर्तिपूजा’ हा शब्द उच्चारतोच. मला लहानपणी तो पटत असे. आता विचार करताना वाटते, की आपण पंढरपूरच्या वाटेवर राहणारी माणसे. ज्ञानदेव पुरुष असून त्यांना माउली म्हणताना येथे कोणाची जीभ अडखळत नाही. मग ज्या स्त्रीने ख्रिस्ताला जन्म दिला तिला माउली म्हटले तर शास्त्र कोठे बुडाले? कॅथलिक शिकवण तिला देव मानीत नाही. तिच्याकडे मध्यस्थीची विनंती करते, एवढेच. ती मध्यस्थी आम्हाला मान्य नाही हे ठीक आहे. परंतु मान्य नसणे वेगळे आणि समोरच्याला मूर्तिपूजक ठरविणे वेगळे. अर्थात यात्रेतल्या गर्दीत ही शिकवण प्रत्येकाच्या डोक्यात असतेच असे कॅथलिक मित्रांनीही म्हणू नये. नवसाची देवाणघेवाण तिथेही चालते.

भाकरीचा प्रश्न मात्र इतका सोपा नाही. मिस्सामध्ये अर्पण केलेली भाकर व द्राक्षारस ही रूपाने तशीच राहतात, परंतु तत्त्वतः ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात, असे कॅथलिक मानतात. ल्यूथर म्हणे, भाकर भाकरच राहते, पण तिच्यात व तिच्यासह ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो. स्वित्झर्लंडचा झ्विंग्ली म्हणे, ही केवळ आठवण आहे. हे दोघे सुधारक १५२९ साली मारबुर्ग येथे एकत्र बसले. पंधरा कलमांपैकी चौदांवर त्यांचे जमले. पंधराव्यावर, म्हणजे भाकरीवर मोडले. पोपपासून वेगळे होऊन पुरती बारा वर्षेही झाली नव्हती आणि प्रोटेस्टंटांच्यातच दोन पंगती झाल्या! तेव्हा पंगत मोडण्याचे सगळे पाप रोमच्या माथी मारण्याची आमच्या घरांतली जी सवय आहे, ती इतिहासाला धरून नाही.

उलट, गेल्या साठ वर्षांत कॅथलिकांची बाजू कितीतरी पुढे आली आहे. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ख्रिस्ती ऐक्यावरील आदेश काढला आणि ज्यांना पूर्वी पाखंडी म्हणत त्यांना विभक्त झालेले बंधू म्हटले. याच परिषदेमुळे लॅटिन जाऊन मिस्सा लोकांच्या भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, होऊ लागली. पुढे ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथलिक व ल्यूथरन यांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. माणूस आपल्या पुण्याईने नव्हे, तर देवाच्या कृपेने व विश्वासाने नीतिमान ठरतो, हे दोघांनी मिळून मान्य केले. ज्या मुद्द्यावरून १५१७ साली ठिणगी पडली तो हाच मुद्दा. म्हणजे मूळ भांडण मिटले, आणि भांडणातून उभ्या राहिलेल्या भिंती तेवढ्या शिल्लक आहेत. शेताच्या बांधावरून भांडणारे भाऊ मोजणी झाल्यावरही एकमेकांच्या दारात जात नाहीत, तसे काहीसे हे झाले आहे.

आमचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानते, ही गोष्ट आमच्या गावात फार थोड्यांना ठाऊक आहे. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा कोणत्याही मंडळीत झालेला असो, तो खरा, आणि तो पुन्हा द्यायचा नसतो. या बाबतीत दोषी आहोत ते आम्ही! अलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये ज्या नव्या प्रार्थनासभा भरू लागल्या आहेत, त्यांतले काही उपदेशक कॅथलिक माणसाला पुन्हा पाण्यात बुडवितात आणि ‘आता तुझे तारण झाले’ असे सांगतात. कॅथलिकांनी आमची भाकर नाकारली याचे आम्हाला दुःख होते. मग त्यांचा बाप्तिस्माच आम्ही रद्द करतो, तेव्हा त्यांना काय वाटत असेल?

आता बेटीव्यवहाराकडे येतो. माझ्या मावसबहिणीचे लग्न श्रीरामपूरकडच्या एका कॅथलिक मुलाशी ठरले. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी. घरचे लोक साधे. सुपारी फुटली. मग प्रश्न निघाला, लग्न कोठे लागणार? कॅथलिक नियमाप्रमाणे अशा लग्नाला बिशपांची परवानगी लागते, आणि कॅथलिक पक्षाला वचन द्यावे लागते, की मुलांना कॅथलिक विश्वासात वाढविण्यासाठी मी शक्य ते सर्व करीन. (१९७० पूर्वी हे वचन दोन्ही पक्षांकडून घेत असत, म्हणजे तेवढी सुधारणा झालीच आहे.) इकडे आमच्या बाजूच्या एका पाळकसाहेबांनी सांगितले, की मुलगी तिकडे जाणार असेल तर मी लग्नाला येणार नाही. मावशीने आठ दिवस अन्न गोड मानले नाही. शेवटी परवानगी मिळाली आणि लग्न मिस्सामध्येच लागले. सगळे छान झाले. गाणी झाली, वचने झाली, अंगठ्या झाल्या. मग कम्युनियनची वेळ आली. नवरदेव पुढे गेला आणि त्याने भाकर घेतली. नवरी जागेवर बसून राहिली. पाच मिनिटांपूर्वी ज्या दोघांना देवाने एकदेह केले असे सांगितले गेले, त्यांतला एक जेवला आणि एक उपाशी राहिली. तिच्या मागच्या बाकांवर माझे काका, मावशी, आम्ही सगळे हात जोडून बसलो होतो. कोणी कोणाचा अपमान केला नाही. फादरांनी आधी नम्रपणे सर्व समजावून सांगितले होते. तरीही माझ्या काकांनी मान खाली घातली ती जेवणाच्या पंगतीपर्यंत वर केली नाही. पिढीजात कळ आहे ती. तिला नम्र शब्दांनी उतार पडत नाही.

यावर कॅथलिक बाजू काय आहे हे मी मुद्दाम एका फादरांना विचारले. त्यांनी दिलेले उत्तर असे: एकत्र जेवणे हे ऐक्याचे फळ आहे, ऐक्य आणण्याचे ते साधन नव्हे. आपण ज्याला नुसती आठवण म्हणता त्याला आम्ही प्रत्यक्ष प्रभू मानतो. मग दोघांनी एका वेळी ते घेतले तर एकाच कृतीत आपण दोन वेगळ्या गोष्टी बोलू, आणि ते खोटेपण होईल. हे उत्तर मला उडवून लावता येत नाही. त्यात प्रामाणिकपणा आहे. जो आपल्या श्रद्धेला किंमत देतो तोच असे बोलेल. परंतु त्याला दुसरी बाजू आहे. ती पंगत फादरांची नाही, पाळकांची नाही. यजमान वेगळाच आहे. त्याने पहिल्या रात्री ज्यांना भाकर दिली त्यांत त्याला नाकारणारा होता, विकणारा होता, आणि कोण मोठा यावर त्याच ताटावर भांडणारे होते. त्यांना काय काय समजले आहे याची त्याने परीक्षा घेतल्याचे शुभवर्तमानात लिहिलेले नाही.

माझे मत असे आहे, की सर्रास सर्वांना सर्वत्र भाकर खुली करा, अशी मागणी आज करणे हा उतावळेपणा होईल. पण लग्नाच्या दिवशी आणि मरणाच्या खाटेवर ती नाकारू नये. कॅथलिक कायद्यातच मृत्यूच्या संकटात किंवा तशाच गंभीर गरजेच्या वेळी, ठराविक अटींवर, दुसऱ्या पंथाच्या ख्रिस्ती माणसाला हा संस्कार देण्याची सवलत आहे. म्हणजे खिडकी आहे. प्रश्न तिच्या रुंदीचा आहे. २०१८ साली जर्मनीतील कॅथलिक बिशपांनी मिश्रविवाहातील प्रोटेस्टंट जोडीदाराविषयी ती थोडी रुंद करण्याचा विचार मांडला, तेव्हा त्यांच्यातच मोठा वाद झाला. होऊ द्या वाद! संसार एकत्र करणाऱ्या नवराबायकोची गरज गंभीर नाही तर कोणाची गंभीर?

आमच्या मराठी ख्रिस्ती लोकांना ऐक्याचा विचार परक्यांकडून उसना घ्यावा लागेल असेही नाही. मराठीच्या तासाला आपण सर्वजण ज्याचे नाव ऐकतो तो फादर स्टीफन्स हा इंग्रज. एलिझाबेथ राणीच्या राज्यात मिस्सा करणे हा गुन्हा होता. त्या इंग्लंडमधून तो कॅथलिक बाहेर पडला, जेझुइट झाला आणि १५७९ साली गोव्यात उतरला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. म्हणजे कॅथलिक-प्रोटेस्टंट भांडणाने ज्याला देश सोडायला लावला, त्या माणसाकडून मराठीला तिचा पहिला मोठा ख्रिस्ती ग्रंथ मिळाला. त्यानंतर तीनशे वर्षांनी रेव्हरंड नारायण वामन टिळक या प्रोटेस्टंट कवीने ‘ख्रिस्तायन’ लिहावयास घेतले. ते अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी पुरे केले. एकाने पुराण म्हटले, दुसऱ्याने रामायणाच्या वळणाचे नाव घेतले. दोघांचा नायक एक आणि भाषा एक. तरीही आमच्या किती कॅथलिक घरांत ‘ख्रिस्तायन’ आहे, आणि किती प्रोटेस्टंट घरांत ‘ख्रिस्तपुराण’? माझ्या पाहण्यात एकही नाही. मला दोन्ही कॉलेजच्या ग्रंथालयातच भेटली.

टिळकांनी तर आणखी पुढचे पाऊल टाकले होते. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेलेही ख्रिस्तभक्त एकत्र यावेत ही त्यांची कल्पना. कल्पना मोठी सुंदर, पण १९१९ साली टिळक गेले आणि दरबारात जीव राहिला नाही. मला यावरून असे वाटते, की केवळ भजनाने माणसे एकत्र येतात, परंतु एकत्र राहत नाहीत. राहण्यासाठी घराचे वासे लागतात: नियम लागतात, कोणी काय सोडायचे व काय राखायचे याचे करार लागतात.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण मला याहून जवळचे वाटते. एक तर त्यांचे केडगाव आमच्याच लोहमार्गावरचे. पारेवाडी-जिंतीकडून पुण्याला जाताना दौंडच्या पुढे ते स्टेशन लागते. दुसरे म्हणजे त्यांनी हा वाद नुसता पाहिला नाही, अंगावर घेतला. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथील अँग्लिकन सिस्टर्सनी त्यांना मायेने वागविले, पण त्रैक्याचे तत्त्व, ख्रिस्ताचा कुमारीपोटी जन्म, चर्चची आज्ञा यांवर रमाबाईंनी सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून जो वाद घातला तो वाचण्यासारखा आहे. ही पत्रे १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीत मान द्यायला त्या तयार नव्हत्या. ख्रिस्ती धर्मात इतके पंथ पाहून आपण कसे गोंधळून गेलो, हेही त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी कोणत्याही एका पंथाची पाटी लावली नाही. आणि मूळ हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर स्वतः केले, जे त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाले. रमाबाईंपासून घेण्यासारखे आहे ते हे, की मतभेद दडवू नये. त्या भांडल्या, पण सिस्टर जेराल्डिनशी संबंध तोडून बसल्या नाहीत. ज्यांना ऐक्य म्हणजे गप्प बसणे वाटते त्यांनी ती पत्रे अवश्य पाहावीत.

वासे लागतात असे मी वर म्हटले. त्याचे मोठे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा वेगवेगळ्या प्रोटेस्टंट मंडळ्या आपापली नावे सोडून एक झाल्या आणि उत्तर भारताची मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली. आमच्या सोलापूर-नगर भागातील अमेरिकन मिशनच्या जुन्या मंडळ्या अशाच तिच्यात आल्या. या वाटाघाटी १९२९ साली सुरू झाल्या होत्या, म्हणजे चाळीस वर्षे बोलणी चालली. यातली एक गोष्ट विशेष आहे. अँग्लिकन तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे. बॅप्टिस्ट म्हणणार, कळत्या वयात विश्वास कबूल केल्यावाचून बाप्तिस्मा नाही. हे दोघे एका छपराखाली कसे आले? त्यांनी दोन्ही पद्धती ठेवल्या. जो तो आपल्या समजुतीप्रमाणे करील आणि दुसऱ्याची पद्धत मानील असे ठरले. हे ऐक्य अपुरेही राहिले. अमेरिकन मेथॉडिस्ट अगदी अखेरच्या घटकेला बाहेर पडले. पुढे मालमत्तेचे दावे उभे राहिले. गुजरातमधील ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ साली त्याचा निकाल लागला. म्हणजे सिद्धांतावर जमले, पण सात-बारावर फिसकटले! आपल्या भागातल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही.

तरी हे सारे प्रोटेस्टंटांच्या आपसातले ऐक्य. कॅथलिकांबरोबर असे छप्पर आज ना उद्या होईल असे मला वाटत नाही, आणि ते झालेच पाहिजे असाही माझा आग्रह नाही. माझा एक वारकरी घराण्यातला मित्र म्हणतो, “आमच्यात हरिहर ऐक्य झालेच की! नरहरी सोनाराने कमरेला हात लावला आणि शंकरच सापडला.” कथा मला फार आवडते. पण आमचे भांडण दोन देवांचे नाही. एकाच देवाच्या ताटाला हात कोणी लावायचा याचे आहे, आणि ते अधिक चिवट असते.

बाहेरचे लोक आम्हाला एक समजतात याचे पुरावे तर हवे तितके. २०२० साली उस्मानाबादेस (आताचे धाराशिव) मराठी साहित्य संमेलन भरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले, तेव्हा काहींनी ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत म्हणून विरोध केला. विरोध करणाऱ्यांनी ते कॅथलिक की प्रोटेस्टंट हे विचारले नव्हते. दिब्रिटो २०२४ साली गेले. त्यांचे ‘सुबोध बायबल’ मात्र आता काही प्रोटेस्टंट घरांतही वाचले जाते, हे मी पाहिले आहे. तसाच १९५० सालचा राष्ट्रपतींचा आदेश. त्याने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध त्यांत आले, ख्रिस्ती झालेले दलित बाहेरच राहिले. या मागणीसाठी कॅथलिक बिशप आणि प्रोटेस्टंट मंडळ्या वर्षानुवर्षे एकत्र निवेदने देतात व मोर्चे काढतात. हे योग्यच आहे. पण सवलतीच्या रांगेत एक आणि प्रभूच्या पंगतीत दोन, हे चित्र आमच्या मुलांना कसे समजावून सांगायचे?

आता गावच्या गोष्टीकडे वळतो, कारण तेथे हा प्रश्न दररोजचा आहे. धरणात पाणी अडले आणि काठची जुनी गावठाणे बुडाली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते आणि माणसे ते पाहायला नावेतून जातात. आमच्या थडग्यांना शिखर नव्हते. ती गाळाखाली गेली ती गेलीच. नव्या गावठाणात आमच्यासाठी दफनाची जागा म्हणून कोपरा असा ठरला नाही. आज दोन्ही पंथ मिळून आमची अकरा घरे आहेत, सात प्रोटेस्टंट, चार कॅथलिक. माणूस गेला की कोणाच्या तरी बांधाला खड्डा घ्यायचा किंवा प्रेत तालुक्याला न्यायचे. पावसाळ्यात हे कसे होत असेल याची कल्पना वाचकांनी करावी. मागे दोन्हींकडच्यांनी जागेसाठी वेगवेगळे अर्ज केले. पंचायतीत एक सदस्य हसून म्हणाले, “अकरा घरांना दोन जागा कशा द्यायच्या? आधी तुमच्यात ठरवा.” ते टोचले, पण चुकीचे काय होते?

म्हणून यंदा आम्ही तीन-चार कॉलेजच्या मुलांनी मिळून एकच अर्ज लिहिला. जागा एक असावी, तिला कुंपण व एक फाटक असावे. अंत्यविधी ज्याच्या त्याच्या फादरांनी किंवा पाळकांनी करावा. क्रॉस कसा असावा यावर कोणी बोलू नये, असे मी आग्रहाने एक वाक्य घातले आहे, कारण कॅथलिक क्रॉसावर ख्रिस्ताची मूर्ती असते आणि आमचा मोकळा असतो, आणि तेवढ्यावरून काम अडेल हे मला पक्के ठाऊक आहे. दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा आठवडा ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थनेचा म्हणून जगभर पाळतात. त्या आठवड्यात एका संध्याकाळी दोन्हींकडच्यांनी आमच्या ओट्यावर बसावे, ‘ख्रिस्तपुराणा’तील एक भाग कॅथलिक मुलाने न वाचता आमच्यातल्याने वाचावा आणि ‘ख्रिस्तायना’तील त्यांच्यातल्याने, असेही ठरविले आहे. भाकर त्या दिवशी कोणी मोडणार नाही. चहा मात्र एकाच पातेल्यात होईल.

अर्जावर कॅथलिकांच्या चारही घरांच्या सह्या झाल्या आहेत. आमच्या सातांपैकी पाच झाल्या. दोन घरे म्हणतात, आधी पाळकसाहेबांना विचारू. पाळकसाहेब पुढच्या रविवारी येणार आहेत.